उंचवटा

नदीकाठच्या कागद गिरणीत आता कागद होत नाही.
लगद्याचा आंबूस वास मात्र
अजून विटांत मुरलेला आहे, असं तौनो म्हणतो.
तेवीस वर्षं त्याने इथे
रोलरवरून धावणारा ओला पांढरा पट्टा पाहिला.
आता त्याच छपराखाली काळी कपाटं उभी आहेत
आणि रात्रपाळीला तो त्यांच्या पाण्याचं तापमान
वहीत उतरवून घेतो. पेन्सिलीने. कुणी सांगितलेलं नसताना.

आत हिल्क्काचा हिशेब चालू आहे.

तिचा प्रश्न म्हटलं तर एका ओळीचा:
आलेखात एकशे बेचाळिसापाशी
जो बारीक उंचवटा दिसतो,
तो कण आहे की नुसता योगायोग?
पण त्या एका ओळीला सातशे बारा शंका.
शोधकयंत्राचा एखादा कोपरा कमी ऐकतो का,
त्या मंगळवारी चुंबक जरा तापलं होतं का,
सिद्धांतातलाच एखादा आकडा
कुणी अंदाजपंचे धरलाय का.
प्रत्येक शंकेची एक खुंटी,
आणि एक पिळली
की उरलेल्या सातशे अकरा सुरातून उतरतात.

मग खोट्या विश्वांची पैदास.
असा कण नाहीच, असं धरून
यंत्र एक विश्व रचतं,
त्यातल्या टकरी मोजतं,
मोडतं, पुन्हा रचतं.
दहा लाख वेळा.
निव्वळ नशिबाने एवढा उंचवटा
कितीदा उगवतो,
इतकंच बघायला.

तिचे गुरू इल्मारी यांच्या वेळी
ह्याला अडीच महिने लागत.
अडीच महिने माणूस
सापडलंय असं समजून जगायचा.
त्या भरात त्यांनी एकदा होडी रंगवली,
भावाशी धरलेला अबोला सोडला,
कणाला मनातल्या मनात नावही ठेवलं.
काय ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.
कण गेला. होडी निळीच राहिली.

हिल्क्काला चाळीस मिनिटं मिळतात.
एक कप कॉफी, दालचिनीचा शिळा पाव,
काचेबाहेर उणे एकोणतीस.
पी हळद नि हो गोरी म्हणतात, ते हेच असावं.

चार वाजून सहा मिनिटांनी उत्तर येतं.
सव्वातीन सिग्मांचा उरला जेमतेम दीड.
खुंटी क्रमांक तीनशे अठ्ठ्याऐंशी:
एका कोपऱ्याला
जरा जास्तच ऐकू येत होतं.
ती पडद्याकडे बघत राहते.
रडू यावं इतकं वय
ह्या आशेला मिळालंच नव्हतं.

तौनो थर्मास घेऊन येतो. विचारत नाही.
"आज पाणी चांगलं तापलंय," एवढंच.
"कुठवर जातं हे?"
"शाळेत. मग पोहण्याच्या तलावाला.
मग चढावरच्या पिवळ्या इमारतीत.
तिथे माझी बहीण राहते, लेम्पी.
पाचला उठते
आणि पाय रेडिएटरला लावून बसते,
मांजरासारखी."

हिल्क्का घड्याळाकडे बघते. पाचला अजून अवकाश आहे.
दहा लाख विश्वं, ज्यांत तो कण नव्हता,
बर्फाखालच्या नळांतून
आत्ता शाळेपर्यंत पोहोचली असतील.

ती तीनशे अठ्ठ्याऐंशीची खुंटी नीट बसवते,
पुढचा आलेख उघडते.
कपाटांचा घुमारा हळूहळू वर चढतो.
तौनो वहीत लिहितो:
परतीचं पाणी, चव्वेचाळीस.