जूनची सावली

निहारच्या जुन्या गणिताच्या वहीत
एक चौकोन म्हणजे एक फूट असं धरून
मी परसाचा नकाशा काढते आहे.
परस सध्या दिसत नाही.
त्यावर मांडीएवढा बर्फ आहे
आणि बर्फावर एका सशाची सही.

शेजारचे आर्वो लेहतिनेन म्हणाले,
डुलूथमध्ये मे महिन्यावर विश्वास ठेवू नये.
जूनच्या पहिल्या आठवड्यापासून उलटं मोजायचं:
मिरचीला दहा आठवडे, टोमॅटोला सात,
वालाला काहीच नाही,
तो थेट जमिनीत, त्याला लाड सोसत नाहीत.

गेल्या वर्षी मला दम धरवला नव्हता.
जानेवारीतच टोमॅटो पेरले, गुडघ्याला बाशिंग बांधून.
काचेकडे वाकत वाकत ते वीतभर झाले,
दोऱ्यासारखे,
आणि एका सकाळी सगळ्यांनी एकदम मान टाकली.
बिया स्वस्त होत्या. तरी दोन दिवस
मी त्या खिडकीचा पडदा उघडला नाही.

यंदा तळघरात ट्यूबलाइट टांगल्यात साखळीने,
अंड्यांच्या खोक्यांत माती भरून ठेवली आहे,
आणि मिरच्यांसाठी माझं कंबर शेकायचं पॅड.
मार्चअखेर कंबर दुखली
तर मिरच्यांना विचारावं लागेल.

काल दुपारी बाराला
गॅरेजची सावली कुठवर येते बघायला
स्कीची काठी घेऊन बर्फात उतरले.
सावली थेट कुंपणापर्यंत.
म्हणजे टोमॅटोला जागाच नाही.
आत येऊन सगळं खोडलं.
आर्वो खिडकीतून बघत असावेत.
बुटांच्या नाड्या न बांधताच आले.
"ही फेब्रुवारीची सावली," म्हणाले,
"जूनची अजून यायची आहे. ती बुटकी असते."
पुन्हा काढलं.
त्या जागी कागद आता इतका झिजलाय
की पलीकडचे अपूर्णांक दिसतात.

आणि पडवळ.
त्याचं नाव नकाशात नाही.
मिनियापोलिसच्या कुमुदताईंनी
वीजबिलाच्या पाकिटातून सात बिया पाठवल्या,
कडा कुरतडल्यासारख्या, मळकट.
सोबत चिठ्ठी: एक रात्र भिजवा. बाकी त्यांची मर्जी.
पॅडवर मिरच्यांसाठी माती मांडलेली, जागा नव्हती.
म्हणून ओल्या टिश्यूत गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून
मी त्या आतल्या खिशात ठेवल्या,
वर फार्मसीचा पांढरा कोट.
रात्रपाळीत निळ्या ट्रेवर गोळ्या मोजायच्या,
पाच, दहा, पंधरा,
आणि मधूनच छातीशी गार काहीतरी आहे
हे आठवायचं.
मग ते गार लागेनासं झालं.

तेराव्या रात्री, तीन वाजता,
कुणाच्या तरी रक्तदाबाच्या नव्वद गोळ्या भरून झाल्यावर
पिशवी उघडली.
सहा तशाच.
सातवीनं एक पांढरं टोक बाहेर काढलेलं,
बाळाच्या पहिल्या दाताएवढं.
सांगायला कुणी नव्हतं.
काउंटरवर सर्दीचं औषध मागणारा एक ट्रकवाला होता,
त्याला दाखवलं.
"हं," म्हणाला. मग म्हणाला, "कशाचं?"
इंग्रजी नाव सांगितलं. सापाचं ऐकून तो जरा मागे सरकला.

आता हे लवकर जागं झालेलं.
जूनला अजून तीन महिने.
त्याला मी काय सांगू, तिकडे बर्फ आहे, झोप?
दही संपलेल्या डब्यात लावलंय.
पानं यायच्या आत ते साखळीकडे बघू लागलंय,
चढायला.

आर्वोंना पडवळ म्हणजे काय ते माहीत नाही.
हात पसरून लांबी दाखवली.
ते हातांकडे बघत राहिले, मग वहीकडे,
आणि पेन्सिलीनं हळू मोजलं:
एक, दोन, तीन, चार चौकोन.
"मांडव लागेल," मी म्हटलं, मराठीतच.
त्यांनी मान डोलावली
आणि त्यांच्या गॅरेजच्या बाजूला
चार टिंबं काढली, खांबांची,
कुंपणाच्या पलीकडे, स्वतःच्या हद्दीत.