वाजवून घेतलेली

दिवसभर मी दुसऱ्यांचे पैसे मोजते,
साखळीच्या पतसंस्थेत, दुसऱ्या खिडकीपाशी.
बाजारातल्या नोटा ओलसर, मासळीच्या वासाच्या,
नारळवाल्याच्या घडी घालून घालून मऊ झालेल्या.
माझे स्वतःचे: सतरा हजार चारशे.
दोन वर्षं लागली. मध्ये एकदा फ्रीज बिघडला.

बाईक घेणार म्हटलं, तर आई म्हणाली,
पेट्रोल केवढ्याला झालंय माहीत आहे ना?
बिनपेट्रोलची गं. हँडल खाली वाकलेलं असतं ती.
तिनं माझ्याकडे असं बघितलं
जसं बिनमासळीच्या रविवाराकडे बघावं.

म्हापशाच्या दुकानात नवी होती, फिक्या निळ्या रंगाची,
छताला टांगलेली, टायरांना अजून जमीन ठाऊक नसलेली.
एकतीस हजार.
विकणारा पोरगा म्हणाला, हप्ते करू या.
हप्त्यांच्या पलीकडच्या खुर्चीत मी बसते, बाबा.
कोण कुठल्या महिन्यात खिडकी टाळून जातं
मला चपलांच्या आवाजावरून कळतं.

मग आसगावात एक गृहस्थ देश सोडून निघाले होते.
त्यांच्या व्हरांड्यात कार्बनची,
उचलली, तर वाटलं चुकून रिकामा हातच वर आला.
सोळाला देतो म्हणाले.
सोबत रुझार होता, डिचोलीत पंक्चर काढणारा,
तरुणपणी कसल्याशा शर्यतीत चौथा आलेला.
चौथा, हे तो दर वेळी सांगतो.
त्यानं खिशातून रुपया काढला
आणि फ्रेमवर वाजवत गेला, टक, टक, टक,
वैद्यासारखी मान तिरपी करून,
टक, टक, आणि पेडलच्या वर चार बोटांवर
थप.
परत वाजवलं. थप.
आत तडा आहे, तो हळूच म्हणाला. उतारावर सांगेल.

पैसे वाजवून घ्यावेत हे मला शिकवलं होतं.
पैशानं वस्तू वाजवायची,
हे अडतिसाव्या वर्षी.

लोखंडी मिळाली ती मयेत, एका मास्तरांच्या गोठ्यात.
मुलगा कतारला गेला, ही राहिली.
रंग: कधीकाळी लाल. चेन गंजून एकसंध.
सीटवर कोंबडी रोज बसत असावी.
गिअर बदलायला हँडल सोडून
हात पार खालच्या दांडीपर्यंत न्यावा लागतो,
पोटरीवरची मुंगी झटकावी तसा.
रुझारनं रुपया वाजवला.
टण्ण!
म्हशीनं मान वळवली.

बसून बघ, तो म्हणाला. पाय टेकले.
झालं तर मग. रंग नंतर लावता येतो,
पाय लांब करता येत नाहीत.

नऊ मागितले, साडेसातला दिली.
टायर, ट्यूब, चेन, ब्रेकच्या तारा मिळून पाच हजार दोनशे.
हेल्मेट अठराशे. पंप आणि मागचा दिवा, आठशे.
मजुरीचे सातशे रुझारनं मोजून घेतले,
राहू दे म्हणाला नाही. मला ते आवडलं.

आईला सांगितलं, चार हजार.
शेजारच्या खिडकीतल्या विदुलाला, बावीस.
दोन्ही आकडे तोंडातून सहज आले,
माझ्या, जी एका रुपयाचा फरक सापडेपर्यंत
दिवे बंद करू देत नाही.

रविवारी पहाटे नारव्याकडच्या चढणीवर
पहिल्यांदा हात खाली नेला, ती छोटी कळ ओढली.
काहीच झालं नाही.
मग कुठेतरी खडखडून चेन दुसऱ्या चक्रावर गेली
आणि गुडघ्यांना वाटलं,
कुणीतरी सुटे पैसे परत दिले.

फेरीबोटीत कठड्याला टेकून उभी होते, घामानं निथळत.
दोर सांभाळणारा पोरगा सायकलीभोवती फिरला,
नखानं दांडीवर टिचकी मारली.
कितल्याक?
मी खरा आकडा सांगितला. पंपासकट.
म्हारग, तो म्हणाला,
आणि दिवाडीचा धक्का आला म्हणून दोर टाकायला गेला.