कडेची ओळ

जानेवारी. वसनेच्या काठी सकाळी साडेसातला
धुकं अजून वाटाण्याच्या तणाव्यांना धरून आहे.
अठ्ठेचाळीस वाण, प्रत्येकाचे तीन वाफे,
प्रत्येक वाफ्याला पत्र्याची पाटी,
पाटीवर माझं, गेल्या महिन्याचं, ओघळत चाललेलं अक्षर.

केराबाई शेंगा मोजतात, मी लिहितो.
"एकवीस. एकोणीस. ह्याला नऊच,
पर दाणं बग कसलं टपोरं."

झाडाला शेंगा, शेंगेत दाणे, शंभर दाण्यांचं वजन.
एक वाढलं की दुसरं कुठंतरी घटतं,
पंगतीला माणसं वाढली की भाकरी लहान होते तशी.
सतरा नंबर लवकर फुलतो, दाणा बारीक.
एकतीस रेंगाळतो, पण भुरी आली तरी हिरवागार.
चाळीसची शेंग भरल्यासारखी दिसते,
दाबली की फुस्स.

वाफ्याच्या टोकाला एक झाड, कमरेला लागेल एवढं.
बत्तीस शेंगा.
मी खिशातून लाल दोरा काढला.
केराबाईंनी दोऱ्याचं दुसरं टोक धरलं.

"त्ये नगं. कडेचं हाय.
एका अंगाला शेजार न्हाई, पाटाचं पानी एकट्याला.
ह्याचंच बी मधल्या वळीत लाव,
आन् मग मोज."

विद्यापीठात हेच दोन तास फळ्यावर चाललं होतं,
दिसतं त्यातलं रक्ताचं किती, रानाचं किती.
भागाकार केला होता आम्ही,
पाच दशांश स्थळांपर्यंत.

बापाची साखर कारखान्यात कायम नोकरी.
मला रहिमतपुरात शिकवणी, टेबल, टेबलावर दिवा.
केराबाईंची अक्काताई चौथीपर्यंत माझ्या शेजारी बसायची.
तिची गणितं आधी व्हायची,
मग पेन्सिलीचं टोक चावत माझी व्हायची वाट बघायची.

बत्तीस शेंगा.
सातवीला केंद्रात मी पहिला आलो होतो.

"थांबलास का? लिव की."
केराबाई ओळीत शिरल्या,
जिथं झाडं एकमेकांच्या अंगावर रेलून
एकमेकांचं ऊन खातात.
गुडघ्यावर बसल्या, पाला दोन्ही हातांनी बाजूला केला.
आत एक बुटकं झाड. फूल जांभळं,
बाकी सगळा वाफा पांढरा.

नियमानं ही भेसळ. उपटायची असते.

"चौदा," त्या म्हणाल्या.
"एवढ्या दाटीत चौदा. पोकळ एक न्हाई."

मी दोरा सोडला.
त्यांनी तो बांधला, सैल,
खोडाला फुगायला जागा ठेवून.

उद्या मुळीक सर येतील, विचारतील, ही कुणी ठेवली.
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलंय : मधली ओळ.
अक्काताई आता कुठं असते
हे विचारायचं तीन हंगाम राहून गेलंय.

"म्होरलं," केराबाई म्हणतात.
"सोळा. अकरा. ह्याला... थांब, परत मोजते."