अपेक्षित तारीख

खिडकी क्रमांक चारवर तांडेल साहेब
चष्मा कपाळावर सरकवून विचारतात,
“पेशंटशी नातं?”
सासू, मी म्हणते.
“आणि मिस्टर?”
सात वर्षांपूर्वी गेले.
वारले नाहीत. गेले. वापीला असतात म्हणे.
तांडेल साहेबांचं पेन थांबतं.
“मग सासू कशी?”

आता हे मी काय सांगू.
कागदावर ती माझी कोण ते तुम्ही ठरवा, साहेब.
रात्री दोनला उशी भिजते
तेव्हा ती जी हाक मारते
ती वापीपर्यंत जात नाही.

नियम मला पाठ आहेत.
महिन्याचे पैसे हवे तर महिन्याचे बारा दिवस
पालिकेच्या बागेत झाडू, नर्सरीत पिशव्यांत माती,
आणि सकाळी आठला मुकादमाच्या मोबाईलसमोर चेहरा.
चेहरा नाही तर दिवस नाही.
जानेवारीत माझे चार चेहरे चुकले.
एकदा तिची नळी तुंबली होती.
एकदा ती खाटेवरून घसरली, मला एकटीला उचलवेना,
शेजारच्या फिलोमिनाबाई पाणी भरून येईपर्यंत
आम्ही दोघी लादीवरच बसून राहिलो.
ती म्हणाली, “बरां वाटता गो. थंड लागता.”
उरलेले दोन दिवस
कुठे गेले ते मलाही आठवत नाही.

म्हणून हा अर्ज:
‘कौटुंबिक शुश्रूषेच्या कारणास्तव
कामातून तात्पुरती सूट मिळणेबाबत.’
कामातून!
मला हसू फुटलं. रांगेतल्या बाईनं वळून पाहिलं,
तिच्या काखेत बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता,
पाय लोंबत होते त्याचे तिच्या गुडघ्यांच्या खाली.
तीही हसली मग.
आम्ही दोघी सुटीवर निघालेल्या बायका.

नववा रकाना मी कोरा ठेवला होता.
‘शुश्रूषेची गरज संपण्याची अपेक्षित तारीख.’
“भरा,” तांडेल म्हणाले,
“रिकामं घेत नाही कॉम्प्युटर.”
साहेब, ती गरज कशी संपते,
तुम्हाला माहीत आहे ना?
ते कीबोर्डकडे बघत बसले.
शिक्क्यावरची शाई उगाच बोटानं पुसली.
मग जाळीला तोंड लावून, हळूच,
“एकतीस मार्च टाका. सगळे तेच टाकतात.”

टाकली.
तीन, एक, मग आडवी रेघ.
माझंच अक्षर. खाली माझीच सही,
निर्मला घाडीगावकर,
हे आडनाव अजून मी कुणाला परत केलेलं नाही.

पार्कसाईटचा चढ चढून घरी आले.
“खंय गेल्लंस?”
ऑफिसात.
“काय म्हणाले?”
सूट मिळाली.
“कधीपासर?”
मी डायपरची पिशवी फोडत बसले. दोनच होते, सुटे घेतलेले.
मार्चपर्यंत, म्हटलं.
ती बोटं मोजू लागली,
डाव्या हाताची, हलतात ती तीन.
“तवसर रवान मगे,” म्हणाली,
आणि भिंतीकडे तोंड केलं,
म्हणजे करून द्यायला सांगितलं.

एकतीस मार्चला तिनं बांगड्याचं तिखलं मागितलं.
मागितलं म्हणजे हट्टच धरला.
काटे काढून काढून माझी नखं पिवळी झाली.
दोन तुकडे खाल्ले. वर म्हणते,
“मीठ कमी पडलां.”

रात्री दोनला मी आपोआप जागी झाले.
हाक आली नव्हती.
बराच वेळ तशीच पडून राहिले,
एकदम लाईट लावायचं धाडस होईना.
मग अंधारातच तिच्या नाकाखाली बोट धरलं.

ऊब होती.
तिरफळाचा वास येत होता श्वासाला.

उशी चाचपली. कोरडी.

मीठ खरंच कमी होतं,
मी नंतर जेवले तेव्हा कळलं होतं, पण बोलले नव्हते.
सकाळी आठला जायचं होतं मला,
बागेत की खिडकीवर
ते अजून ठरत नव्हतं.