नसलेली कंडरा

पहिल्या दिवशी गुडघे टेकून
आम्ही तिला फुलं वाहिली.
इथे खोन केनमध्ये प्रेत म्हणत नाहीत.
म्हणायचं 'आचान याइ' : मोठ्या गुरू.
पायाशी पाटी. नाव बुआलाय, वय एकोणऐंशी,
काम : रेशीम विणणे.
आचान विचित यांनी ब्लेड माझ्या हातात दिलं,
कारण मी सगळ्यात पुढे उभी होते.
एवढंच कारण.

कातडी अशी सहज सुटत नाही.
खालची पिवळी चरबी हातमोज्यांना चिकटते.
आणि फॉर्मालिननं भूक लागते,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

घरी आईनं चिकटभाताची टोपली पुढे सरकवली.
बोटांनी गोळा करून तिखटात बुडवायचा तो भात.
तीनदा साबण, एकदा लिंबू,
तरी बोटांना वास तोच.
मी चमचा मागितला.
धाकटी म्हणाली, शहरातली झालीस गं.
आई काहीच बोलली नाही.
दुसऱ्या दिवसापासून चमचा आधीच ठेवलेला.

पाचव्या आठवड्यात हात.
मनगटापाशी एक कंडरा ओढली
आणि तिची तर्जनी वाकली,
तुटला धागा उचलावा तशी.
थनपत हसला. मग बराच वेळ गप्प.
त्या बोटाच्या पेरावर घट्टा होता,
मेल्यावरही मऊ न झालेला.

पामॅरिस लाँगस सापडेना.
पुस्तकात आहे, आकृतीत आहे.
तासभर उकरत राहिले,
वाटलं, मीच कापली, मीच फेकली.
आचाननी चष्मा कपाळावर चढवला.
"नाहीच ती. काहींना नसते.
काही अडत नाही तिच्यावाचून.
तू अंगठा लाव करंगळीला."

सगळ्यांच्या मनगटावर दोरी उठली.
माझ्या नाही.

एकोणीस वर्षं हे मनगट वापरलं,
मला पत्ता नाही.
तिनं साठ वर्षं माग चालवला,
तिला तरी कुठे असणार.

वर्ष सरलं. तिचं सगळं तिच्याच पेटीत,
मोजून, नाव लावून.
अग्नीच्या दिवशी तिची मुलगी आली,
परतीच्या बसची वेळ विचारत.
मग हळूच मला :
"आईनं त्रास नाही ना दिला?"
"दिला की. एक कंडरा कमी दिली."
ती हसली की रडली, कळलं नाही.

निघताना तिनं हात जोडले.
मी तिच्या मनगटाकडे बघत राहिले.
जोडलेल्या हातांत
ते दिसत नाही.