आसूढाळ

सारंगखेड्याची जत्रा उठून आठ दिवस झाले
आणि मी अजून शहाद्यात, दुकानामागच्या खोलीत,
एका घोडीचा चेहरा साफ करतोय.

रात्री साडेदहाचा फोटो.
उजेड म्हणजे शेजारच्या जिलेबीवाल्याचा एकुलता बल्ब,
आयएसओ बारा हजार आठशे, थंडीनं हात हललेला.
काळोखात लाल-हिरवे ठिपके इतके माजलेत
की वाटावं, ओल्या फोटोवर कुणी भगर सांडली.

पुतण्या म्हणतो, काका, नॉइज आहे, सॉफ्टवेअर लावा.
कुठलं?
त्याचं उत्तर कायम पेनड्राइव्हवर असतं, फुकटचं.
मागच्या दिवाळीत त्याच पेनड्राइव्हनं
वाण्यांचा अख्खा साखरपुडा खाल्ला होता.

म्हणून मी रीतसर चार उतरवून घेतली
पंधरा-पंधरा दिवसांच्या बोलीवर,
घोडं घेण्याआधी रपेट मारून बघतात तशी.

एकाचे पैसे डॉलरमध्ये, तेही दरसाल,
म्हणजे मालकी नाहीच, खंडानं कसायचं.
एकानं आयाळीची पार गोधडी केली,
ते त्याच संध्याकाळी काढून टाकलं.
एक घ्यायचं एकदाच, पण एका फोटोला अकरा मिनिटं,
आणि लॅपटॉपचा पंखा असा घरघरतो
की बायको माडीवरून विचारते,
गिरणी टाकली का खाली?

चौथं मात्र
एक बटण. चार सेकंद.
काळोख धुतल्या पाटीसारखा,
हरणीचं अंग तूप चोळल्यागत.
मी खुर्चीत ताठ झालो.

नेमके तेव्हाच दंगलसिंग गिरासे आले फोटो न्यायला.
जत्रेत गेली नव्हती त्यांची हरणी.
पडद्याजवळ वाकले, चष्मा वर सारला.
"हाई मनी हरणी से?"
मग डाव्या डोळ्याखाली बोट टेकवलं.
"आठला भवरा कथा गया?"

तिथं भोवरा होता. आसूढाळ.
केसांचं मुगाएवढं वळण,
पण त्यापायी लाखाची घोडी
साठावर येते, आणि साठाचं गिऱ्हाईकही
तोंड फिरवून पुढच्या खुंट्याकडे जातं.
सॉफ्टवेअरला काय ठाऊक.
त्याला वाटलं, हीही भगरच.
पुसून टाकली.

गिरासे हसले. आधी मिशीतून, मग सगळेच्या सगळे.
"हाईच ली ले, भो. पैसा मी देसू.
मालेगावना गिऱ्हाईक से, मोबाईलवर देखस तो."

आता मी काही साधू नाही.
अठ्ठावीस वर्षं चेहरे उजळ करून पोट भरलंय.
मुरमं पुसलीत, देवीचे वण पुसलेत,
स्थळाच्या फोटोत एका मुलीचा चष्मा पुसलाय
नाकावरच्या खुणेसकट.
पुढं तिच्या सासरी काय झालं
ते मी विचारायला गेलो नाही.

तरी हात माउसवरून उचलला.
म्हटलं, दादा, मुदत संपली बघा याची,
आता सेव्ह होत नाही.
आठवाच दिवस होता. सात बाकी होते.
खोटं बोललो, सरळ तोंडावर.

ते चहा न घेता उठले.
मूळ फोटो मोबाईलमध्ये टाकून दिला मी, भगरीसकट.
दुकानाच्या पायरीवरच पुतण्यानं गाठलं असणार त्यांना,
त्याच्या फोनमध्ये सगळ्यावर इलाज असतो.

रात्री ते अकरा मिनिटांचं विकत घेतलं.
नऊ हजार सातशे. बायकोला सात सांगितलेत.
पट्टी शंभरापर्यंत जाते, मी पस्तिसावर थांबवली.

आभाळात थोडी भगर अजून आहे.
ती सेन्सरची, टापांखालच्या धुळीची,
की त्या कढईतून उठलेल्या धुराची,
मला खरंच सांगता येत नाही.
डोळ्याखाली मात्र केस गोल वळलेत.
दिसतात.

गिरणी बंद कर आता, झोप,
माडीवरून आवाज येतो.
अजून सात मिनिटं आहेत.