शुद्धिपत्र

सकाळी सहा पन्नासला फोन.
पंचायतीचा भोंगा अजून झालेला नसतो,
पण यल्लोजीराव मुचंडीकरांचा पेपर वाचून झालेला असतो,
शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे.

"नंदगडच्या गटारीला साडेचार लाख छापलीस.
चार लाख बेचाळीस हाय ते.
वरचे आठ हजार कुठनं आणलीस?"

आमदार आहेत. तिसऱ्यांदा.
जुन्या वळणाचा माणूस, टोपी कधी उतरत नाही, खर्चही चढत नाही.
मी खानापूर वार्ता लिहिते: हरवलेली शेळी,
दूध डेअरीची निवडणूक, कुस्तीत कोण चितपट,
कुठल्या वाडीत किती दिवस लाईट नाही.
माझ्या बातमीला दुसरा वाचक असेल, नसेल,
हा एक पक्का,
पेन्सिल घेऊन बसणारा.

माघारी त्यांना चिक्कू म्हणतात, तोंडावर अण्णा.
स्वतःच्या नावाची कमान त्यांनी उभीच राहू दिली नाही.
"कमानीखालनं पाणी येतंय काय?" एवढंच विचारलं.
बेळगावच्या अधिवेशनात, हलग्याच्या त्या मोठ्या इमारतीत,
उठून कन्नडमध्ये विचारलं,
कुंद्याचे डबे अकराशे चाळीस,
माणसं सगळी मिळून सहाशे,
बाकीचं गोड कुणाच्या तोंडात?
प्रश्न कन्नडमध्ये, बेरीज मात्र ओठांतल्या ओठांत मराठीत:
सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस, हातचा एक.

मग त्यांनीच मागणी केली,
सरकारी जाहिराती निम्म्या करा.
झाल्या.
आमचं तालुक्याचं पान अर्ध्यावर आलं.
सडेकर साहेबांनी हळदीकुंकू काढलं, शेळी काढली,
"शेळीवाल्याला म्हणावं दवंडी दे."
आठवड्यानं सहा पन्नासला फोन:
"शेळ्या हरवायच्या थांबल्या काय गे?"
मी काही बोलले नाही.
तेही.

माघात त्यांची बायको गेली.
पहिल्यांदा ऑफिसची पायरी चढले, तेराव्याचा मजकूर घेऊन.
शब्दाला दर असतो, त्यांना ठाऊक.
'अत्यंत' खोडलं. 'दुःखद' ठेवलं.
'शोकाकुल परिवार' मधला शोकाकुल गेला.
मग पेन्सिल बराच वेळ 'सुगंधा'वर थांबली,
आणि दर वाढणार हे माहीत असून
शेजारी तिचं माहेरचं नाव लिहिलं.

जुलैत जांबोटीखालचा साकव गेला.
मी तीन ओळी दिल्या:
पहाटे वाहून गेला, शाळा चार दिवस बंद,
जीवितहानी नाही.

सहा पन्नास.
"जीवितहानी नाही म्हणून छापलीस.
खरं दाजीबा गुरवाची म्हस गेली की. ती धर."
धरते, म्हटलं.
लाईन तुटल्यासारखं गप्प. मग खाकरले.
"आणि हेबी लिही. त्या साकवाचं इस्टिमेट
तीनदा मीच परत पाठवलो.
लोखंड जास्त धरलंय म्हणून."

तुमच्या नावानं घालू?
"न्हाईतर कुणाच्या?"

सडेकर साहेबांनी दोनदा वाचलं. "विरोधक उचलतील हे."
मग चष्मा कपाळावर सारला आणि सही केली.
चार ओळी. पूर्वी जिथं पाटबंधारे खात्याची निविदा यायची,
बरोबर त्या जागेत बसल्या.

दिवसभर बसस्टँडवर, चहाच्या गाड्यांवर पेपर फिरला.
कुणी हसलं, कुणी थुंकलं.
दाजीबा गुरव मात्र माझ्याकडं आला,
भरपाईचा अर्ज कन्नडमध्ये लिहून हवा होता.
म्हशीचं वय विचारलं तर बोटं मोजत बसला.

दुसऱ्या दिवशी सहा पन्नास.
मी वही उघडून बसलेच होते.
"रात्री फाईल काढून बघितलो.
तीनदा नव्हे गे.
चारदा.
शुद्धिपत्र दे."